मोज

जालन्याच्या एमआयडीसीत, बियाण्याच्या कंपनीत
मी एक फंक्शन लिहिलं. नाव ठेवलं, मोज.
चार ओळींचं. काट्यावर पाकीट आलं
की वजन सांगायचं आणि गप्प बसायचं.
माझ्या हातून झालेलं इतकं निर्मळ काम
दुसरं आठवत नाही.

मग मे महिना लागला, पाकिटांचे ढीग लागले.
पुंजाराम सानप म्हणाले, लाईट गेली-आली की काटा हलतो,
तीनदा मोजा, मधलं घ्या.
हिशेबवाल्यांना प्रत्येक वजन वेळेसकट लिहून हवं.
आणि तपासणीच्या आदल्या दिवशी कुणीतरी हळूच,
नुसतं मोजल्यासारखं करता येईल का?

मी मोजला हात लावला नाही.
वरून डेकोरेटर चढवत गेलो.
मोज.तीनदा
मोज.नोंदीसकट
मोज.कोरडं
आत त्याच चार ओळी, घाम न आलेल्या.

अंबडच्या शाळेत तौर सर फळ्यावर लिहायचे:
कर. करव. करवून घे. करवत नाही.
धातू एकच रे, अंगरखे निराळे.
मी विचारलं, सर, करवत तर सुताराकडं असते.
अख्खा तास बाकावर उभा होतो.
मोज, मोजव, मोजवून घे.
चौथं रूप मशीनला शिकवायचं
कुणी अजून मागितलेलं नाही.

दुपारी कॉम्प्युटर तापला की ड्रमपाशी जायचो.
गयाबाई मगरे सोयाबीन ओतायच्या, वर औषध,
झाकण, आणि ड्रम घरघरत फिरायचा.
पिवळं गेलेलं गुलाबी होऊन बाहेर.
'आत तेच हाये,' त्या म्हणाल्या,
'पर आता चिमणीबी तोंड लावायची नाही.
खायाचं येगळं, पेरायचं येगळं.'

एका रात्री अकराला फोन.
तासाभरात सत्तर चुका,
आणि प्रत्येक चुकीपुढं एकच नाव: वेष्टण.
वेष्टण, वेष्टण, वेष्टण.
मोज कुठंच नाही.
माझ्याच हातच्या अंगरख्यांत
मी ते पहाटेपर्यंत चाचपत होतो.

सकाळी गयाबाईंना सांगितलं. कळलं किती, देव जाणे,
पण हसल्या. रिकामं पोतं उचललं,
आधी वाणाची चिठ्ठी आत टाकली,
मग बी,
आणि तशीच दुसरी चिठ्ठी शिवणीत अडकवली.
'गुलाबी झाल्यावर समदं सारखंच दिसतंय बाबा.
नाव आधी काढून ठेवायचं.'

एक ओळ वाढवली.
वेष्टणानं आतल्याचं नाव स्वतःच्या कपाळावर लावायचं.
चुका नावानिशी यायला लागल्या,
सत्तरच्या सत्तर, कोरड्याच्या निघाल्या.
सानप म्हणाले, तो विषय नको.

जूनमध्ये हजेरीचा प्रोग्राम माझ्याकडं आला.
यादी घेऊन गेलो. गयाबाईच ना? गया?
ड्रम चालू होता, मोठ्यानं बोलावं लागलं.
'ते सासरचं. ताटात तांदूळ पसरून
यांनी अंगठीनं लिहिलेलं.
जाफराबादला शाळेच्या पटावर कौतिका होते मी.
कौतिका रायभान. चौथीपर्यंत.'
मग कुठलं लिहू?
त्यांनी गुलाबी बोटं फडक्याला पुसली, निघाली नाहीत.
'गयाच लिही. बँकेत तेच हाये.'
मी वळलो तेव्हा पाठीमागून,
'आत कुठं जागा उरली तर बघ.'

जागा होती.
फाईलच्या अगदी वर, मशीन जी ओळ वाचत नाही
तिथं लिहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ड्रमपाशी गेलो.
सवयीनं तोंडाशी आलं, मावशी,
आणि म्हणवेना.